आबांचा आयरिश न्यायाधीश

मला आयर्लंड नकाशात दाखवता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मी देवासला शाळेत हिंदी शिकवते. माझं स्वतःचं शिक्षणही सगळं हिंदीतून झालं. मराठी घरात बोलण्यापुरती, लिहायला बसले की पार चिवडा. अशा बाईचे गेल्या वर्षी तीन महिने एका आयरिश न्यायाधीशाच्या चरित्रात गेले, आणि त्या माणसाशी माझा नेमका काय संबंध हे मला अजून धड सांगता येत नाही.

संबंध आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. धारला राहतात, वय ब्याऐंशी. पूर्वी जज होते. रिटायर झाल्यावर निवडणुकीला उभे राहिले, निवडून आले आणि एक पाळी राजकारणात काढून कंटाळून घरी बसले. अजूनही बसस्टँडवर रिक्षावाल्याला 'जजसाब के यहाँ' म्हटलं की तो पुढचं विचारत नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली, भाऊ पुण्याला. त्यामुळे शनिवारी शाळा सुटली की मी इंदूरमार्गे धार आणि रविवारी परत. नवरा म्हणतो, "तू बसमध्येच एक पलंग टाकून घे." त्याचे वडील नाशिककडून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले, म्हणून आबा त्याला 'कालचे पाहुणे' म्हणतात. आमचे पूर्वज धारच्या पवार राजांबरोबर दक्षिणेतून आलेले. नवराही काही कमी नाही. म्हणतो, "आम्ही निदान तिकीट काढून आलो."

दोन वर्षांपूर्वी आबांचं काहीतरी बिघडलं. एकदा सकाळी न सांगता घरातून गेले ते संध्याकाळी उगवले, बुटांवर धूळ, तोंड उन्हानं लाल. कुठं गेला होतात विचारलं तर म्हणाले, फिरायला. महिन्याभरानं पुन्हा तेच. स्वयंपाकाच्या मावशींनी रडून गोंधळ घातला, भावानं पुण्याहून फोनवर मला झापलं, मग मी त्यांना इंदूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, विसराळूपणाची सुरुवात आहे, गोळ्या चालू ठेवा, एकटं सोडू नका. त्यानंतर आबा कधी मला आक्का म्हणत, म्हणजे त्यांची गेलेली बहीण समजत, आणि कधी चाळीस वर्षांपूर्वीचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवत. आज कोणते आबा भेटणार, हे दार उघडेपर्यंत मला कळायचं नाही.

आणि अशात त्यांना व्याख्यान द्यायचं होतं.

धारच्या आमच्या मराठी समाजात गणपतीतल्या रविवारी सकाळी व्याख्यान असतं. त्याची एक जुनी रीत आहे. वक्त्यानं मराठीत बोलायचं, आणि बोलणं संपलं की श्रोत्यांनी तीन प्रश्न विचारायचे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर झाल्याशिवाय नारळ देत नाहीत आणि व्याख्यान झालं असं धरत नाहीत. मोठमोठे लोक तिसऱ्या प्रश्नाला घाम पुसताना मी लहानपणी पाहिलेत. आबांनी आयुष्यभर प्रश्न विचारले, व्याख्यान कधी दिलं नव्हतं. आता म्हणाले, "एकदा त्या टेबलामागं उभं राहायचंय मला. मग तुम्ही मला पोत्यात घालून कुठं न्यायचं तिथं न्या."

समाजाचे सेक्रेटरी काका बँकेतून रिटायर झालेले, स्वभावानं भला माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, साहेबांना नाही कसं म्हणू? पण मागच्या वर्षी काय झालं माहितीये ना? वक्ते मधेच विसरले, पोरांनी व्हिडिओ काढला, गावभर फिरला. बिचारे आता देवळातसुद्धा येत नाहीत. साहेबांचं तसं होऊ नये. तुम्ही भाषण लिहून घ्या, त्यांच्याकडून दहा वेळा वाचून घ्या. जबाबदारी तुमची." मी हो म्हटलं. आबांची ह्या गावात जी काही इभ्रत होती ती आता माझ्या वहीत येऊन बसली.

विषय त्यांचा ठरलेला होता. तरुणपणी त्यांच्या वरिष्ठांनी दिलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, एका आयरिश न्यायाधीशाचं चरित्र. पाठीवरचं कापड फाटलेलं, समासात आबांची पेन्सिल. तो माणूस ह्युगनॉट घराण्यातला. ह्युगनॉट म्हणजे काय हे मला आबांनी तीनदा समजावलं. फ्रान्समधले प्रोटेस्टंट लोक. राजानं त्यांच्या धर्माचं जगणं अवघड केलं तेव्हा होड्यांत बसून पळाले, त्यातले काही आयर्लंडला पोचले. तिथं कापड विणायला लागले, सावकाश स्थिरावले. तीन पिढ्या चर्चमध्ये प्रार्थना फ्रेंचमधून म्हणत आणि बाजारात इंग्रजी बोलत.

"म्हणजे आपणच की," आबा म्हणाले. "आपण देवापुढं हात जोडून जी मराठी बोलतो ती पुण्यात कुणाला कळत नाही, आणि दारात भाजीवाला आला की 'भिया, कैसे दी?'. इथले आपल्याला दक्षिणी म्हणतात, तिकडं गेलं की म्हणतात तुमच्या बोलण्याला हिंदीचा वास येतो. त्याचंही तेच झालं. आयरिश म्हणायचे हा इंग्रजांचा, इंग्रज म्हणायचे हा आयरिश."

इतकं सुरेख बोलत होते की मला वाटलं डॉक्टर मूर्ख आहे.

मग मी लिहून घेत गेले. आबा खुर्चीत डोळे मिटून सांगायचे, मी वहीत उतरवायचे. बालपण, वकिली, लग्न. मग एका शनिवारी त्यांनी सांगितलं, "न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्यावर त्यानं निवडणूक लढवली." मी लिहिलं. देवासला परत येताना बसमध्ये मला आठवलं, मागच्याच शनिवारी त्यांनी उलटं सांगितलं होतं. आधी पार्लमेंटात गेला, सरकारचा वकील झाला, त्याच्या बक्षिसात न्यायाधीशाची खुर्ची मिळाली. मी वही काढून बघितली. दोन्ही माझ्याच अक्षरात.

पुढच्या वेळी विचारलं तर चिडले. "तू लिहिताना झोपतेस का?"

"मी झोपत नाही आबा, तुम्ही एकाच माणसाला दोनदा निवडणुकीला उभं करताय!"

"मग तुला जे वाटतं ते लिही. मोठी मास्तरीण!"

दोन तास ते बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. मावशींनी मधे चहा ठेवला, तोही वेगवेगळ्या खोल्यांत.

त्यानंतरच्या शनिवारी ते आपण होऊन सांगायला लागले. आवाज हळू होता. म्हणाले, "लिही. त्याच्या कोर्टात एक शाळामास्तर आला. नदीकाठच्या गावातला. वर्गातल्या मुलाला मारलं, मुलाचा डोळा गेला, असा आरोप. गावच्या मोठ्या असामीनं साक्ष दिली, मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून. मास्तर म्हणत राहिला, पोरं घाटावर विटीदांडू खेळत होती, विटी लागली. न्यायाधीशानं मास्तरला दोन वर्षं आत घातलं. नोकरी गेली. अपील करायला मागं माणूस नव्हतं."

"आयर्लंडला विटीदांडू असतो?" मी विचारलं.

"धारच्या लोकांना तिकडचे खेळ काय कळणार? लिही. पुढं न्यायाधीश निवडणुकीला उभा राहिला. तेव्हा तोच साक्षीदार घरी आला. म्हणाला, साहेब, तेव्हा मी खोटं बोललो, विटी माझ्या पोराच्या हातून सुटली होती. आणि म्हणाला, तुमच्या वॉर्डात माझी सोयरीक मोठी आहे, काळजी करू नका, सगळे तुमच्याच मागं. न्यायाधीशानं त्याला चहा पाजला आणि पाठवून दिलं. कुणाला काही सांगितलं नाही. निवडून आला."

मी लिहिलं. घाट, विटीदांडू, सोयरीक, वॉर्ड. ह्यातलं आयरिश काय होतं?

आबा झोपल्यावर दुपारी मी ते पुस्तक घेऊन बसले. माझं इंग्रजी यथातथाच. मोबाईलवर शब्द शोधत, बोट ठेवून ठेवून वाचलं. पुढचे दोन आठवडे देवासला नेऊन वाचलं. मुलांच्या वह्या तपासायच्या राहिल्या, हेडमास्तरांनी टोकलं. शेवटच्या पानापर्यंत गेले. त्यात मास्तर नव्हता. नदीकाठचं गाव नव्हतं. डोळा गेलेला मुलगा नव्हता. आधी निवडणूक, मग खुर्ची, मग थोडंसं आजारपण आणि मृत्यू, बस्स.

आबांची एक पोस्टिंग नर्मदेच्या बाजूला होती. मी तेव्हा लहान होते, मला तिथला फक्त एक झोका आठवतो.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, त्यांचा मेंदू दोन गोष्टी एकत्र करतो, डॉक्टर म्हणाले नव्हते का? कुठली तरी केस ऐकलेली असेल. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. काढून टाक ते पान." नवरा म्हणाला, "त्यांनाच विचार ना सरळ." मी विचारलं. आबा म्हणाले, "कोण मास्तर, आक्का?"

आता करायचं काय? मला खरंच कळेना. हा त्यांच्या आजाराचा घोळ असेल तर स्टेजवर त्यांचं हसं होणार. घोळ नसेल, तर माझ्या आबांनी एका निरपराध माणसाचं आयुष्य चिरडलं आणि मतांसाठी गप्प बसले. त्यापेक्षा मला आजार बरा वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला. मी भाषण कोऱ्या कागदांवर मोठ्या अक्षरात पुन्हा उतरवलं आणि मास्तर गाळून टाकला. वाचताना आबांनी काही विचारलं नाही. दहा वेळा वाचलं, कुठं अडखळले नाहीत. मी मनात देवाचे आभार मानले.

व्याख्यानाच्या रविवारी हॉल भरला होता. आबांनी बंद गळ्याचा कोट घातला, सप्टेंबरच्या उकाड्यात. मी पहिल्या रांगेत, हातात पाण्याची बाटली आणि भाषणाची दुसरी प्रत. समोरच्या कोपऱ्यात तीन-चार मुलं मोबाईल वर धरून उभी होती. त्यांच्याकडे मी असं बघितलं की एकानं मोबाईल खाली घेतला.

आबा बोलले आणि काय बोलले! होडीतून पळालेले लोक त्यांनी असे उभे केले की म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. निवडणूक आधी, खुर्ची नंतर, सगळं बरोबर क्रमानं. टाळ्या थांबेनात. सेक्रेटरी काकांनी लांबून मला हात जोडले.

मग प्रश्न. पहिला कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंचा, ह्युगनॉटांनी आपली भाषा किती दिवस टिकवली. आबा म्हणाले, "जोवर म्हातारी माणसं घरात रागवत होती तोवर." सगळे हसले. दुसरा एका तरुणाचा, हिंदीतूनच, "साब, जज को इलेक्शन लड़ना चाहिए क्या?" आबा मराठीत उत्तरले, "त्यानं आधी लढवली, मी नंतर. चूक दोघांचीही." पुन्हा हशा. मी बाटलीचं झाकण उघडून दोन घोट प्यायले. एकच प्रश्न राहिला होता.

तिसरा एका म्हाताऱ्या वकिलांचा. कधीकाळी ते आबांपुढं उभे राहिले होते. फार अदबीनं उठले. "साहेब, इतका मोठा न्यायाधीश. त्याच्या हातून कधी चुकीचा निकाल गेला का?"

आबांनी कागद मिटले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गेला," ते म्हणाले.

आणि त्यांनी मास्तर सांगितला. मी गाळलेला सगळाच्या सगळा. नदी, विटी, साक्षीदार, सोयरीक, चहा. तरी मला वाटलं, चला, लोक आयर्लंडच समजतायत, निभावलं.

वकिलांनी उभ्या उभ्याच विचारलं, "मग त्या मास्तराचं पुढं काय झालं?"

"धामनोदला असतो," आबा म्हणाले. "हायवेवर, ट्रकवाले थांबतात तिथं चहाची टपरी आहे त्याची. मी दोनदा जाऊन आलो बसनं. दिवसभर बाकावर बसलो. त्यानं मला ओळखलं नाही. मला सांगायचं होतं, पण गिऱ्हाईक फार होतं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, बाबूजी, ऊन लागेल, आत सावलीत बसा."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. आयर्लंडचा मास्तर धामनोदला चहा विकतो म्हणे! हसू पसरत पुढपर्यंत आलं. वाईट हसू नव्हतं, लहान मुलाला हसतात तसं. बाजूच्या वहिनी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "वय झालं गं. इतकं छान बोलले, आणि शेवटी…" कोपऱ्यातला मोबाईल पुन्हा वर गेला.

मला त्या दोन संध्याकाळी आठवल्या. धुळीचे बूट. लाल तोंड. 'फिरायला.' आणि त्यावरून आम्ही त्यांना ज्या आजाराच्या गोळ्या चालू केल्या त्या. अख्ख्या हॉलमध्ये त्या वेळी फक्त आबांच्या डोक्यात गोंधळ नव्हता, आणि ते फक्त मला माहीत होतं.

आबा हसणाऱ्या लोकांकडे बघत होते. राग नव्हता, नुसतं बघत होते, कोर्टात साक्षीदाराकडे बघतात तसं. मग त्यांनी मला शोधलं. माइकमधूनच विचारलं, "बाळ, तू सांग. माझा गोंधळ होतोय का गं?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला.

नाही म्हटलं असतं तर त्याच क्षणी सगळ्यांना कळलं असतं. त्या वकिलांना तर नक्कीच, ते टक लावून बघत होते. जजसाहेब संपले असते. हो म्हटलं तर एक म्हातारा थोडासा चुकला, एवढंच. मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार करायला वेळच नव्हता.

"हो, आबा," मी म्हणाले.

त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून घातला. मग म्हणाले, "असं? असेल मग." आणि खाली बसले. काकांनी घाईघाईनं नारळ दिला, शाल घातली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वकील मात्र खाली बसले. जाताना मला नमस्कार केला. बाहेर काका म्हणाले, "वाचलो, ताई. तुम्ही फार छान सांभाळलंत." व्हिडिओ फिरला, पण त्याखाली लोकांनी हात जोडलेले, हार्ट टाकलेले. गावात आबांवरचं प्रेम वाढलं म्हणा ना.

मी दिवाळीच्या सुट्टीत धामनोदला गेले. एकटी. नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणीकडे. हायवेला चहाच्या टपऱ्या एक का दोन आहेत? रांगच्या रांग. म्हातारे चहावालेही चार-पाच दिसले. एकाला विचारलं, "काका, आप पहले मास्टर थे क्या?" तो हसून म्हणाला, "हम तो पास भी नहीं हुए, बहनजी." दुसऱ्याला विचारायचं धाडस झालं नाही. आणि समजा सापडला असता, तर मी त्याला काय सांगणार होते? कुणाची मुलगी म्हणून?

तशीच धारला गेले. आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले, हात धरला. म्हटलं, "आबा, त्या मास्तरचं नाव सांगा. टपरी नेमकी कुठं ते सांगा. आपण दोघं जाऊ. मी गाडी करते. तुम्ही त्याला सांगा, मी बरोबर असते."

"कोण मास्तर?"

"धामनोदचा. विटी लागली तो. आबा, प्लीज."

त्यांनी माझा हात थोपटला. मला आक्का म्हणाले नाहीत, माझ्या घरच्या नावानं हाक मारली. म्हणाले, "अगं, तसं काही नाहीच. तूच सांगितलंस ना सगळ्यांसमोर."